साध्या टेलिफोटो लेन्सने केलेले पक्षी छायाचित्रण : गिरगाव परिसराच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

पक्ष्यांचे उत्तम छायाचित्र केवळ महागड्या लेन्सने मिळते, असा समज सर्वत्र रूढ आहे. या समजामुळे अनेक विद्यार्थी व अध्यापक पक्षिनोंदींच्या कामापासून दूर राहतात. ३०० मिलिमीटरपर्यंतच्या साध्या टेलिफोटो लेन्सच्या मर्यादा नेमक्या कोणत्या, त्यांपैकी कोणत्या पद्धतीने ओलांडता येतात व कोणत्या मान्यच कराव्या लागतात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. त्यासाठी गिरगाव चौपाटी, चाळींच्या गॅलऱ्या, मलबार हिल आणि शिवडीचा चिखलपट्टा या परिसरातील उदाहरणे घेतली आहेत. छायाचित्र हा अभ्यासाचा पुरावा मानल्यास त्याच्या संस्करणाला व ते टिपण्याच्या रीतीला कोणती बंधने येतात, याचाही विचार शेवटी केला आहे.

बीजसंज्ञा : पक्षी छायाचित्रण, टेलिफोटो लेन्स, नाभीय अंतर, शटरगती, पक्षिनोंद, गिरगाव.

प्रस्तावना

भारतीय पक्षिशास्त्राच्या इतिहासात गिरगावचे स्थान महत्त्वाचे आहे. डॉ. सलीम अली (१८९६-१९८७) यांचे बालपण गिरगावातील खेतवाडीत मामांच्या घरी गेले. वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर त्यांना पिवळा डाग दिसला. ही कोणती चिमणी, हे विचारण्यासाठी ते १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. संस्थेचे तत्कालीन सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी ती पिवळ्या कंठाची चिमणी असल्याचे सांगून संग्रहातील पेंढा भरलेले पक्षी त्या मुलाला दाखविले. हा प्रसंग सर्वपरिचित आहे. मात्र त्यातील एका गोष्टीकडे सहसा लक्ष जात नाही. चिमणीची ओळख पटली, कारण ती मृत होऊन तज्ज्ञाच्या हातात आली होती. त्या काळी पक्ष्याचा निर्णायक पुरावा म्हणजे त्याचे कातडे होते.

आज हे काम बहुतांशी छायाचित्र करते. २००२ साली सुरू झालेल्या ई-बर्ड या जागतिक नोंदसंग्रहात अनपेक्षित पक्ष्याची नोंद करताना छायाचित्र जोडले, तर तिची तपासणी सुकर होते. २०१३ पासून भारतातही दर फेब्रुवारीत ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ ही गणना होते व तिच्या जोडीने महाविद्यालयीन परिसरांतील पक्ष्यांचीही मोजणी केली जाते. अशा उपक्रमांत विद्यार्थी उत्साहाने छायाचित्रे टिपतात. परंतु त्यांतील पुष्कळशी छायाचित्रे अस्पष्ट, काळवंडलेली किंवा इतकी लहान असतात की त्यांवरून जाती ठरविता येत नाही. दोष लेन्सला दिला जातो आणि विषय तेथेच संपतो. वास्तविक ही अडचण मुख्यतः पद्धतीची आहे. ती समजून घेण्यासाठी प्रथम साध्या लेन्सची मर्यादा कोठे सुरू होते, हे पाहणे क्रमप्राप्त आहे.

१. साध्या लेन्सची खरी मर्यादा

‘साधी टेलिफोटो लेन्स’ या संज्ञेने येथे ५५-२५० किंवा ७०-३०० मिलिमीटर नाभीय अंतराची, कमाल अंतरावर एफ ५.६ इतके ॲपर्चर देणारी झूम लेन्स अभिप्रेत आहे. कॅनन व निकॉन या कंपन्यांच्या प्राथमिक डीएसएलआर कॅमेऱ्यांबरोबर अशा लेन्स मोठ्या प्रमाणावर विकल्या गेल्या. आता मिररलेस कॅमेऱ्यांचा काळ आला असला, तरी या जोड्या अनेक घरांतून व महाविद्यालयांतून वापरात आहेत.

३०० मिलिमीटर लेन्सचे ॲपर्चर एफ ५.६ असताना तिच्या प्रकाशद्वाराचा व्यास सुमारे ५४ मिलिमीटर भरतो. व्यावसायिक छायाचित्रकार वापरतात त्या ५०० मिलिमीटर, एफ ४ लेन्सचा व्यास १२५ मिलिमीटर असतो. क्षेत्रफळाच्या हिशेबाने ही मोठी लेन्स त्याच जागेवरून त्याच पक्ष्याकडून सुमारे साडेपाचपट प्रकाश गोळा करते. किमतीतील प्रचंड तफावतीचे मुख्य कारण हेच आहे. दुसरा फरक भिंगांच्या गुणवत्तेचा. साध्या झूम लेन्समध्ये कमाल नाभीय अंतरावर व पूर्ण उघड्या ॲपर्चरला प्रतिमा किंचित मवाळ होते आणि गडद-फिकट कडांवर जांभळट किंवा हिरवट किनार दिसते. तिसरा फरक स्वयंचलित फोकसच्या वेगाचा आहे.

या तीन उणिवांपैकी प्रकाशाची उणीव अंतर कमी करून भरून काढता येते. पक्ष्यापासूनचे अंतर निम्मे केले की लेन्समध्ये शिरणारा पक्ष्याचा प्रकाश चौपट होतो. भिंगदोष ॲपर्चर थोडे लहान केल्याने पुष्कळ कमी होतो. फोकसचा संथपणा मात्र पूर्णतः दूर होत नाही. तो सरावाने व पूर्वतयारीने सांभाळून घ्यावा लागतो. साध्या लेन्सच्या बाजूनेही एक गोष्ट आहे. तिचे वजन अर्ध्या किलोच्या आसपास असते, तर मोठ्या लेन्सचे सुमारे तीन किलो. गिरगावसारख्या गर्दीच्या वस्तीत, जिन्यांतून व गल्ल्यांतून हिंडताना हे हलकेपण उपयोगी पडते.

२. अंतराचा प्रश्न

संवेदकावर पडणाऱ्या प्रतिमेचा आकार एका सोप्या सूत्राने काढता येतो : पक्ष्याची लांबी गुणिले नाभीय अंतर, भागिले पक्ष्यापर्यंतचे अंतर. सुमारे १५ सेंटिमीटर लांबीची चिमणी २० मीटरवर असेल, तर ३०० मिलिमीटर लेन्सने तिची प्रतिमा सव्वादोन मिलिमीटरची पडते. २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी संवेदकावर, म्हणजे सुमारे साडेतेवीस मिलिमीटर रुंदीत ६००० पिक्सेल असताना, ती जेमतेम ५७५ पिक्सेल व्यापते. एवढ्या पिक्सेलमध्ये पिसांचा तपशील राहत नाही. तीच चिमणी १० मीटरवर ११५० आणि ५ मीटरवर २३०० पिक्सेल व्यापते. दुसऱ्या शब्दांत, २० मीटरवरून ६०० मिलिमीटर लेन्सने जेवढी प्रतिमा मिळते, तेवढीच १० मीटरवरून ३०० मिलिमीटर लेन्सने मिळते. म्हणून साध्या लेन्सच्या छायाचित्रणात सर्वाधिक परिश्रम जवळ जाण्यावर खर्च व्हावेत.

जवळ जाणे म्हणजे पक्ष्याचा पाठलाग करणे नव्हे. चालून येणाऱ्या माणसापासून पक्षी दूर जातो. बसून राहिलेल्या माणसाची त्याला हळूहळू सवय होते. गिरगावातील जुन्या चाळींच्या गॅलऱ्या या दृष्टीने अत्यंत सोयीच्या आहेत. दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरील गॅलरीतून समोरच्या पिंपळाचा किंवा देशी बदामाचा शेंडा डोळ्यांच्या पातळीवर येतो. खालून वर पाहिल्यास पक्ष्याचे पोट व त्यामागचे पांढरे आभाळ एवढेच दिसते. गॅलरीतून तो पक्षी समोरासमोर दिसतो व त्याच्यामागे सावलीतली पाने येतात. घरातील माणसांच्या वावराला तेथील पक्षी सरावलेले असल्यामुळे गॅलरीचा कठडा लपणाचे काम करतो आणि कॅमेऱ्याला आधारही देतो. पिंपळ फळला की तांबट, बुलबुल व कोकिळ त्याच झाडावर पुनःपुन्हा येतात. अशा वेळी पक्ष्यामागे न धावता फांदी निवडून थांबणे अधिक फलदायी ठरते.

चौपाटीवर अंतराचे नियमन समुद्र करतो. ऑक्टोबर ते मार्च या काळात कुरव पक्षी मुंबईच्या किनाऱ्यावर येतात. ओहोटीच्या वेळी पाणी दूर जाते व पक्षीही दूर जातात. भरती चढू लागली की ते किनाऱ्याकडे सरकतात. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते. त्यामुळे सकाळचा चांगला प्रकाश व चढती भरती यांचा मेळ महिन्यातील ठरावीक दिवशीच बसतो. भरती-ओहोटीचे कोष्टक पाहून हे दिवस आधीच काढून ठेवावेत. पाण्याच्या रेषेपासून योग्य अंतरावर वाळूत बसून किंवा आडवे होऊन वाट पाहिल्यास पक्षी आपण होऊन जवळ येतात. कॅमेरा पक्ष्याच्या डोळ्यांच्या पातळीवर आल्यामुळे मागची वाळू व पाणी दूर जाते आणि पार्श्वभूमी आपोआप मवाळ होते. मोठ्या लेन्समुळे येणारा उठाव पुष्कळ अंशी या एका सवयीने साधतो.

काही ठिकाणी मात्र अंतर कमी करणे शक्यच नसते. शिवडीच्या चिखलपट्ट्यावर १९९० च्या दशकापासून रोहित, म्हणजेच फ्लेमिंगो, येत असल्याची नोंद आहे. २०२४ च्या जानेवारीत या परिसरातून जाणारा अटल सेतू वाहतुकीस खुला झाला. ठाणे खाडीतील रोहितांच्या अधिवासाला २०१५ साली अभयारण्याचा व २०२२ साली रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. चिखलात माणसाला उतरता येत नाही. सुमारे ८५ सेंटिमीटर उंचीचा छोटा रोहित १०० मीटरवर असल्यास ३०० मिलिमीटर लेन्सने त्याची प्रतिमा अवघी ६५० पिक्सेल उंच पडते. येथे एकट्या पक्ष्याचे व्यक्तिचित्र घेण्याचा हट्ट धरू नये. थवा, चिखल, खारफुटी व मागचे शहर एकत्र दाखविणारे चित्र साध्या लेन्सने उत्तम येते. थव्यातील पक्ष्यांची संख्या मोजण्यासाठीही असेच चित्र लागते. साधनाची मर्यादा ओळखून विषयाची मांडणी बदलणे हाही छायाचित्रकाराच्या कौशल्याचाच भाग होय.

३. प्रकाशाची दिशा व प्रत

जागा व वेळ यांची सांगड घालताना त्या जागेचे तोंड कोणत्या दिशेला आहे, हे पाहावे लागते. गिरगाव चौपाटीवरून समुद्राकडे पाहणाऱ्याचे तोंड नैर्ऋत्येकडे असते. हिवाळ्यात सूर्य आग्नेयेच्या अंगाने उगवत असल्यामुळे भल्या सकाळी तो डाव्या हाताला, किंचित पाठीमागे असतो. कुरवांची पांढरी छाती, करडी पाठ व डोळ्यातील चमक या प्रकाशात व्यवस्थित दिसतात. दुपार जवळ येईल तसा सूर्य समोर सरकतो आणि पक्षी काळवंडू लागतो. शिवडीचा किनारा पूर्वाभिमुख आहे. तेथे सकाळी सूर्य तोंडावर येतो व दुपारनंतर पाठीशी जातो. एकाच शहरात सकाळी चौपाटी व दुपारनंतर शिवडी असा क्रम त्यामुळे स्वाभाविक ठरतो.

प्रकाशाच्या दिशेइतकाच हवेचा विचार महत्त्वाचा आहे. हिवाळ्याच्या सकाळी मुंबईवर धूर व धूलिकणांचा थर साचलेला असतो. उन्हे तापली की वाळूवरची हवा थरथरू लागते. या दोहोंतून आलेले दूरचे चित्र कोणत्याही लेन्सने फिकट व अस्पष्टच येते. मधली हवा जितकी कमी, तितके चित्र स्वच्छ. दूरच्या पक्ष्याचे चित्र मवाळ आल्यावर लेन्सला दोष देण्यापूर्वी हा मुद्दा ध्यानी घ्यावा.

कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे, असे गृहीत धरून हिशेब करतो. आभाळात घिरट्या घालणारी घार टिपताना उजळ आभाळामुळे तो फसतो व घार काळी आकृती होऊन जाते. अशा वेळी एक ते दीड स्टॉप अधिक एक्स्पोजर द्यावे. याउलट गडद पाण्यासमोर उभ्या असलेल्या पांढऱ्या बगळ्याचे एक्स्पोजर दोन तृतीयांश ते एक स्टॉप कमी करावे. अन्यथा त्याची पिसे जळून कोरी पांढरी होतात व गेलेला तपशील परत मिळत नाही. प्रत्येक जागी पहिले एक-दोन फोटो घेऊन हिस्टोग्राम तपासल्यास ही चूक टळते.

४. शटरगती, ॲपर्चर व आयएसओ यांचा मेळ

नवशिक्यांच्या छायाचित्रांतील अस्पष्टतेचे सर्वांत मोठे कारण अपुरी शटरगती हे आहे. एपीएस-सी संवेदकावर ३०० मिलिमीटर लेन्सचा दृश्यकोन साधारण ४५० मिलिमीटर लेन्सइतका असतो. त्यामुळे हाताच्या कंपापासून बचाव करण्यासाठी बसलेल्या पक्ष्यालाही किमान १/५०० सेकंद ठेवावा, हा जुना नियम आजही उपयोगी आहे. लेन्समधील कंपरोधक यंत्रणा हाताचा कंप कमी करते. पक्ष्याची हालचाल ती थांबवू शकत नाही. हा भेद लक्षात न आल्यामुळे अनेकजण कंपरोधकाच्या भरवशावर शटर मंद ठेवतात आणि मान वळविणारा बुलबुल दरवेळी पुसट येतो.

उडत्या पक्ष्याच्या बाबतीत गणित अधिक कठोर होते. २० मीटर अंतरावरून सेकंदाला १० मीटर वेगाने आडवा जाणारा कुरव विचारात घेऊ. कॅमेरा स्थिर धरल्यास त्याची प्रतिमा संवेदकावरून सेकंदाला १५० मिलिमीटर वेगाने सरकते. १/५०० सेकंदात ती ०.३ मिलिमीटर, म्हणजे सुमारे ७७ पिक्सेल सरकेल. १/२००० सेकंद ठेवूनही १९ पिक्सेलची ओढ राहीलच. याचा अर्थ केवळ शटरगती वाढवून उडता पक्षी स्पष्ट येत नाही. कॅमेरा पक्ष्याबरोबर फिरवावा लागतो. पक्ष्याच्या वेगाशी हाताचा वेग नऊ दशांश जरी जुळला, तरी १/२००० सेकंदात ओढ दोन पिक्सेलपर्यंत उतरते. पंखांची टोके शरीराहून वेगाने हलत असल्यामुळे ती थोडी पुसट येऊ शकतात. डोके व शरीर स्पष्ट असल्यास चित्र पुसट वाटत नाही. या सरावासाठी घार हा उत्तम पक्षी आहे. ती आकाराने मोठी असते, पंख न हलविता संथ घिरट्या घालते आणि गिरगावच्या आभाळात वर्षभर दिसते.

ॲपर्चरबाबत एफ ८ हा सर्वसाधारण तोडगा मानता येईल. एफ ५.६ वरून एफ ८ वर आल्याने साध्या लेन्समधील कडांचे दोष कमी होतात व स्पष्टतेची खोलीही वाढते. १० मीटरवरील पक्ष्यासाठी ही खोली एफ ५.६ ला सुमारे २५ सेंटिमीटर, तर एफ ८ ला सुमारे ३६ सेंटिमीटर असते. फोकसमध्ये थोडी चूक झाली तरी ती त्यात सामावली जाते. ॲपर्चर याहून फार लहान केल्यास मात्र प्रकाशाच्या विवर्तनामुळे स्पष्टता पुन्हा घटू लागते. एफ ८ ला प्रकाशबिंदूची विवर्तन-चकती सुमारे ११ मायक्रोमीटर व्यासाची असते. एफ १६ ला ती दुप्पट होते, तर वर घेतलेल्या संवेदकाचा एक पिक्सेल सुमारे ४ मायक्रोमीटरचा असतो. प्रकाश अपुरा असेल तेव्हा एफ ५.६ वर उतरण्यास हरकत नाही. पुसट चित्रापेक्षा किंचित मवाळ चित्र केव्हाही बरे.

उरलेला हिशेब आयएसओने जुळवायचा असतो. स्वच्छ उन्हात आयएसओ ४०० व एफ ८ असताना साधारण १/१६०० सेकंद मिळतो. सकाळच्या कोवळ्या उन्हात प्रकाश एक-दोन स्टॉपने कमी असतो. म्हणजेच आयएसओ ८०० ते १६०० वापरणे भाग पडते. अनेकांना दाणेदारपणाची भीती वाटते व ते आयएसओ १०० वर अडून बसतात. येथे नमूद करणे आवश्यक आहे की, दाणेदार चित्र नंतर पुष्कळ अंशी सुधारते, परंतु हललेले चित्र सुधारत नाही. तसेच आयएसओ कमी ठेवून काळे आलेले चित्र संगणकावर उजळविल्यास दाणे कमी होत नाहीत, उलट अधिक उठून दिसतात. मॅन्युअल मोडमध्ये शटर १/१६०० व ॲपर्चर एफ ८ पक्के करून आयएसओ स्वयंचलित ठेवणे, हा नवशिक्यासाठी सुटसुटीत मार्ग आहे.

५. फोकस, पकड व निगा

छायाचित्रात पक्ष्याचा डोळा स्पष्ट असेल, तर शेपूट थोडी अस्पष्ट असूनही चित्र जिवंत वाटते. डोळा अस्पष्ट असल्यास बाकीचे सर्व व्यर्थ जाते. प्राथमिक डीएसएलआरमध्ये फोकसचा मध्यबिंदू सर्वाधिक संवेदनशील असतो. बसलेल्या पक्ष्यासाठी केवळ तोच बिंदू निवडून तो डोळ्यावर ठेवावा. उडत्या पक्ष्यासाठी सतत फोकस देणारी पद्धत निवडावी. कॅननमध्ये तिला एआय सर्वो व निकॉनमध्ये एएफ-सी म्हणतात. साध्या लेन्सचा फोकस एकदा चुकला की तो जवळच्या टोकापासून दूरच्या टोकापर्यंत फिरून येतो व तेवढ्यात पक्षी निघून जातो. यावर उपाय असा की, पक्षी जेथे येण्याची अपेक्षा आहे, तितक्याच अंतरावरील एखाद्या वस्तूवर आधीच फोकस करून ठेवावा. नवीन मिररलेस कॅमेरे पक्ष्याचा डोळा स्वतः शोधतात, परंतु पानांच्या गर्दीत त्यांचीही फसगत होते.

स्वस्त टेलिकन्व्हर्टर लावून लेन्स ‘वाढविण्याचा’ मोह टाळावा. १.४ पटीच्या कन्व्हर्टरने एफ ५.६ चे एफ ८ होते. अनेक प्राथमिक डीएसएलआरचा स्वयंचलित फोकस त्या प्रकाशात नीट चालत नाही. लेन्सवरचा हलक्या प्रतीचा यूव्ही फिल्टर काढून पाहावा. पुष्कळदा मवाळपणाचे कारण तोच असतो. त्याऐवजी हूड लावल्यास तिरपा प्रकाश व समुद्राचे तुषार दोन्ही अडतात.

मुंबईच्या दमट हवेत लेन्सला बुरशी लागण्याचा धोका कायम असतो. कॅमेरा चामडी पिशवीत न ठेवता सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवावा. वातानुकूलित खोलीतून एकदम बाहेर आणल्यास काचेवर दव धरते. त्यासाठी पिशवी काही वेळ बंदच ठेवावी. चौपाटीवरून परतल्यावर बाहेरील भाग किंचित ओलसर कापडाने व नंतर कोरड्या कापडाने पुसल्यास खार निघून जातो. काचेवरची वाळू प्रथम फुंकणीने उडवावी. पुसल्यास चरे पडतात.

६. संस्करण आणि पुराव्याची विश्वासार्हता

साध्या लेन्सच्या चित्राला संगणकावरील संस्करणाची गरज अधिक असते. त्यासाठी रॉ स्वरूपात छायाचित्र घ्यावे. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, तर १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. सावलीतला तपशील उचलण्यास व पांढरी पिसे सांभाळण्यास ही समृद्धी उपयोगी पडते. क्रम साधारणपणे असा ठेवावा : रंगसमतोल, उजळ व गडद भागांची दुरुस्ती, कडांवरील रंगीत किनार काढणे, काटछाट, दाणे कमी करणे आणि सर्वांत शेवटी माफक धार देणे. धार अधिक झाल्यास पिसांभोवती पांढरी रेघ उमटते व चित्र कृत्रिम दिसते.

छायाचित्र अभ्यासासाठी असेल, तर येथे एक सीमारेषा आखावी लागते. हिवाळ्यात चौपाटीवर येणाऱ्या काळ्या डोक्याच्या व तपकिरी डोक्याच्या कुरवांची डोकी त्या ऋतूत काळी किंवा तपकिरी नसतातच. दोघांच्याही कानामागे केवळ गडद ठिपका असतो. ओळख पटते ती इतर खुणांवरून. तपकिरी डोक्याच्या कुरवाच्या पंखांची टोके काळी असून त्यांत पांढरे डाग असतात व प्रौढ पक्ष्याचा डोळा फिकट असतो. काळ्या डोक्याच्या कुरवाच्या पंखाची पुढची कड ठळक पांढरी असते व डोळा गडद दिसतो. म्हणजेच जातीचा निर्णय पंखाच्या टोकावरील काही मोजक्या पिक्सेलवर अवलंबून असतो. कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारलेली आजची साधने दाणे काढताना व धार देताना मूळ चित्रात नसलेला तपशील स्वतः रचू शकतात. भिंतीवर लावायच्या चित्रात ते चालेल. नोंदीसाठी मात्र हा पुरावा दूषित झाला. म्हणून मूळ फाइल जपून ठेवावी, कॅमेऱ्यातील तारीख व वेळ बरोबर असल्याची खात्री करावी, आणि नोंदीसोबत केवळ काटछाट व उजळणी केलेले चित्र द्यावे. थोडे मवाळ पण प्रामाणिक छायाचित्र अभ्यासकाला सुबक व संशयास्पद छायाचित्रापेक्षा अधिक मोलाचे असते.

७. जवळीक व तिच्या मर्यादा

साध्या लेन्सचे सारे तंत्र जवळ जाण्यावर उभे असल्यामुळे तिच्या वापरकर्त्यावर नैतिक जबाबदारीही अधिक येते. मुंबईच्या किनाऱ्यावर कुरवांना शेव-गाठ्या टाकून त्यांचे थवे जवळ बोलाविण्याची प्रथा दिसते. मीठ व तेलाने भरलेले तळीव पदार्थ हे या पक्ष्यांचे अन्न नव्हे. शिवाय त्या झुंबडीत टिपलेले चित्र पक्ष्याच्या नैसर्गिक वर्तनाचे चित्रही नसते. ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्ष्याला बाहेर काढणे, विसावलेला थवा केवळ उडता फोटो मिळावा म्हणून उठविणे, हेही त्याच प्रकारात मोडते. दूरच्या प्रवासाने थकलेल्या पक्ष्याला असे प्रत्येक उड्डाण महागात पडते.

घरट्यांबाबत तर तडजोड नसावी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ‘शिकार’ या संज्ञेची जी व्याख्या केली आहे, तीत पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणे याचाही समावेश होतो. घरट्यासमोरची फांदी वाकविणे, पाने काढणे यामुळे ते घरटे कावळ्यांच्या नजरेस पडते. पक्षी अस्वस्थ होऊन आवाज करू लागला, मान ताठ करून पाहू लागला किंवा चोचीत चारा घेऊनही घरट्यात जाईना, तर छायाचित्रकार नको तितका जवळ आला आहे असे समजून मागे फिरावे. अशा वेळी कमी पिक्सेलचे चित्र स्वीकारणे हीच योग्य निवड ठरते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. साध्या टेलिफोटो लेन्सची प्रमुख उणीव प्रकाश व पोहोच यांची असून, अंतर निम्मे केल्याने ती बऱ्याच प्रमाणात भरून निघते. लेन्स बदलण्यापूर्वी जागा, वेळ व बसण्याची पद्धत बदलून पाहणे श्रेयस्कर.

२. अस्पष्टतेचे कारण बहुधा अपुरी शटरगती, चुकलेला फोकस किंवा मधली हवा हे असते. १/१६०० सेकंद, एफ ८ व गरजेनुसार वाढणारा आयएसओ हा विश्वासार्ह प्रारंभबिंदू आहे. उडत्या पक्ष्यासाठी कॅमेरा फिरविण्याच्या सरावाला पर्याय नाही.

३. जेथे जवळ जाता येत नाही, तेथे थवा व अधिवास यांचे चित्रण करावे. अभ्यासाच्या दृष्टीने त्याचे मूल्य कमी नसते.

४. नोंदीसाठीच्या छायाचित्रात संस्करण मर्यादित ठेवावे व मूळ फाइल जतन करावी.

५. पक्ष्याची स्वस्थता ही छायाचित्राहून अधिक महत्त्वाची मानावी.

खेतवाडीतल्या मुलाला चिमणीचे नाव कळण्यासाठी चिमणीचा जीव जावा लागला होता. आज त्याच परिसरातील विद्यार्थ्याला चाळीच्या कठड्यावर कोपरे टेकवून, पक्ष्याला धक्काही न लावता तेवढाच खात्रीचा पुरावा मिळविता येतो. त्यासाठी लागणारी लेन्स पुष्कळदा घरातल्या कपाटात आधीच असते. तिचा उपयोग कसा करावा, हे शिकविण्याची जबाबदारी मात्र अध्यापकाकडेच येते.